रकाना नंबर सात

माणूस हवा होता पाणी पाजायला. एवढंच. राज्य चालवायला नव्हे, रेल्वेचं इंजिन हाकायला नव्हे. उन्हाचे दोन महिने ओट्यावर बसायचं, येईल त्याच्या ओंजळीत पाणी घालायचं आणि दिवस मावळला की रांजण झाकून घरी जायचं. या कामासाठी मी त्रेसष्ट अर्ज घेतले, तीन माणसांची निवड समिती नेमली आणि दोन एम.ए., अकरा बी.कॉम. व एक वकील इतवारी बाजाराच्या उन्हात रांगेत उभे केले. पुढं काय झालं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो वेगळं सांगतो. शेजारचा भैयाजी तर त्यात एक रुग्णवाहिकाही घालतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. लिहिता येतं मला. बावन्नाव्या वर्षी शिकलो, पण येतं.

शिकवलं आमच्या घरच्यांनीच, म्हणजे माझ्या बायकोनं, पार्वतीबाईनं. ती कुहीच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली. दुपारी गल्लीतल्या बायांना ओट्यावर बसवून पाटी शिकवायची. मी धान्यबाजारात मापारी होतो, म्हणजे पोती तोलणारा. जेवायला घरी आलो की मलाही त्याच रांगेत बसवायची, सगळ्यात शेवटी, निंबाच्या बुंध्याला टेकून. येणारेजाणारे हमाल हसायचे. मी पाटी तोंडापुढं धरायचो. अशा रीतीनं माझी नजर अक्षरांच्या फार जवळ गेली आणि मी शिकलो.

मागच्या वैशाखात ती गेली. जायच्या आधी आठ दिवस मला म्हणाली, "ओट्यावर एक रांजण ठेवा जी. हमाल लोक उन्हातून जाऊन राहिले, त्याइच्या घशाकडं पाहवत नाही." मी हो म्हटलं. ती गेल्यावर तिच्या फोटोला शब्द दिला, की पुढच्या अक्षय्य तृतीयेला तिच्या नावानं पहिलं पाणी घालीन. गेलेल्या माणसाच्या नावानं वर्षाच्या आतली ही तीज पाण्याची असते. त्या दिवशी पाणी दिलं नाही तर ते माणूस तहानलेलं राहतं म्हणतात. आणि पार्वतीबाई तहानलेली राहिली असती तर गप्प राहिली असती, असं मला वाटत नाही.

तीज तीन आठवड्यांवर होती. मी रांजण आणला. आमच्या शेजारी भैयाजीचं भांड्यांचं दुकान. त्यानं हातगाडीवरून रांजण उतरताना पाहिला आणि दुकानातून तसाच उठून आला.

"ये क्या दादाजी! मातीचा रांजण? मी मेलो काय? स्टीलची टाकी घ्या ना, तोटीवाली. वर भाभीचं नाव टाकून देतो मशीननं."

"तिनं रांजण म्हटलं होतं."

"बरं बाप्पा, रांजण. पण परमिशन घेतली काय?"

परवानगीचं नाव निघालं आणि समोरच्या घराच्या खिडकीतून अनंतरावांचा चष्मा बाहेर आला. अनंतराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात ते भाजीवाल्यालाही 'आपला जावक क्रमांक' विचारत. ते टेप घेऊन खाली आले, ओटा मोजला आणि म्हणाले, "देवराव, तुमच्या ओट्याची बाहेरची एक वीत सार्वजनिक जागेत आहे. रांजण ठेवणार तो नेमका त्याच विती‌वर. परवानगी अनिवार्य."

"मंग रांजण एक वीत आत घेतो."

"आता उपयोग नाही. आता माझ्या निदर्शनास आलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या कचेरीत गेलो. पाणपोईचा फॉर्म संपला होता. तो कधी होता हेही कोणाला आठवत नव्हतं. तिथल्या कारकुनानं मला चहाच्या टपरीचा फॉर्म दिला आणि म्हणाला, "चहा आहे तिथं पाणी लिहा, बाकी सारखंच आहे." मी घरी येऊन चष्मा लावला आणि फॉर्मवर बोट फिरवत बसलो. अजूनही मी बोट फिरवल्याशिवाय वाचत नाही. स्टोव्हचा प्रकार कोणता, तिथं 'रांजण' लिहिलं. दूध कोठून घेणार, तिथं 'विहीर' लिहिलं. सातव्या रकान्यापाशी बोट थांबलं. 'सेवकाची शैक्षणिक पात्रता. प्रमाणपत्राची खरी नक्कल जोडावी.'

मी परत कचेरीत. "साहेब, हा सातवा रकाना रिकामा ठेवला तर?"

"अजिबात नोको. रिकामा रकाना दिसला की आमचे मोठे साहेब चिडतात. काही तरी भरा. भरगच्च दिसलं पाहिजे."

रस्ताभर मी 'भरगच्च' या शब्दाचा विचार केला. भैयाजीला सांगितलं तर तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "सीधी बात आहे! जेवढी मोठी डिग्री तेवढी लवकर परमिशन. तुम्ही ग्रॅज्युएट ठेवा ग्रॅज्युएट. आजकाल ढिगानं फिरून राहिले."

अनंतराव म्हणाले, "जाहिरात द्यावी लागेल. समिती नेमावी लागेल. नाही तर नेमणूक नियमबाह्य ठरेल."

खरं सांगायचं तर मला हे ऐकून बरं वाटलं. त्याला कारण आहे. मूठभर तूर हातात घेतली की ती उमरेडकडची की काटोलकडची हे मी डोळे मिटून सांगत असे. तीस वर्षं सांगितलं. आणि काट्यामागच्या टेबलाची जागा रिकामी झाली तेव्हा ती मिळाली एका मॅट्रिक पास मुलाला, जो तुरीला हरभरा म्हणायचा. मालक म्हणाले, देवराव, काय करू, तुझ्याकडं कागद नाही. त्या दिवशीपासून माझ्या मनात कागद बसला. दुसरा कोणी असता तर कागदावर चिडला असता. मी त्याच्या प्रेमात पडलो. पार्वतीबाईजवळ शिकायला बसलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून काचेची एक लाकडी चौकट घेऊन आलो. मोठी, सोनेरी काठाची. पास झालो की दाखला त्यात लावायचा. पार्वतीबाईनं चौकटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आधी क काढा." गल्लीतल्या लोकांनी मला चिठ्ठ्या वाचायला द्यायला सुरुवात केली तरी दाखला आला नाही. चौकट खुंटीला तशीच राहिली. दर दिवाळीला मी तिची काच पुसतो.

असो. जाहिरात अनंतरावांनी लिहिली. 'पाणी पाजण्याच्या तात्पुरत्या पदासाठी पात्र व इच्छुक उमेदवारांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत. उच्च शैक्षणिक अर्हता असणाऱ्यास प्राधान्य.' भैयाजीनं ती दुकानाच्या पाटीखाली चिकटवली. आठ दिवसांत त्रेसष्ट अर्ज आले. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पण नोकऱ्या अजून कुठं उठल्या नव्हत्या.

ते अर्ज म्हणजे काय वर्णावं! जाड कागद, गुळगुळीत कागद, निळे शिक्के, लाल शिक्के, एकावर तर सिंहाचं चित्र. मी एकेक दाखला दुपारभर बोटानं वाचत असे. विद्यापीठाच्या कागदावर बोट फिरवलं की अक्षरं उठलेली लागत. रात्री अंथरुणावर पडल्यावरही बोटाला ते लागायचं. त्या सगळ्यांत पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. समितीला सुचलं नाही. अनंतरावांनी तर अर्जांची गुणानुक्रमे यादी करून तिची दुसरी यादी केली होती.

मुलाखती ओट्यावर झाल्या. मधे मी अध्यक्ष, उजवीकडं अनंतराव, डावीकडं भैयाजी, मागं रांजण. एका बी.कॉम.नं निवृत्तिवेतनाचं विचारलं. वकील आमच्याच ओट्याच्या त्या विती‌वरून अनंतरावांशी भांडून निघून गेला. मी प्रत्येकाला विचारत होतो, जगातली सगळ्यात लांब नदी कोणती? पाण्याशी संबंधित म्हणून. भैयाजी विचारायचा, पाण्याचे पाच उपयोग सांगा, आणि पाचवा आला नाही की स्वतःच सांगायचा, "भांडे घासणे!"

मग आला कवडू. आमच्याच बाजारातला हातगाडीवाला. गळ्यातल्या पंच्यात गुंडाळलेला एक कागद त्यानं समितीपुढं ठेवला.

"दादाजी, पोटात कळ येऊन राहिली गाडी ओढून ओढून. दोन महिने बसून काम भेटलं तर बरं होईन. सरकारी कागद आणला, पाहा. शिक्का आहे."

मी कागदावर बोट ठेवलं. पहिली ओळ वाचली आणि बोट उचललं. कागद अनंतरावांकडं सरकवला. त्यांनी उजेडात धरून शिक्का तपासला. तो नसबंदीचा दाखला होता.

"कागद अस्सल आहे," अनंतराव गंभीरपणे म्हणाले. "राजपत्रित अधिकाऱ्याची मूळ सही आहे. या त्रेसष्टांत असा अस्सल दुसरा नाही. पण विषय वेगळा आहे."

"याच्यावर मले तुपाचा डबा भेटला होता जी," कवडू म्हणाला. "अन् इथं पाणी पाजाले चालत नाही?"

त्याच्या मागं रंभाबाई उभी होती. रंभाबाई बाजारात सांडलेलं धान्य निवडायची. साठीची, सुकलेली, पण आवाज दहा दुकानं ओलांडून जाणारा. पार्वतीबाईची ही जुनी मैत्रीण. तिनं आमच्याकडं पाहिलंच नाही. सरळ मागं जाऊन रांजणावर बोटानं टकटक केलं, वाकून आत वास घेतला.

"भाऊजी, रांजण भिजवला नाही काय अजून? तीज चार दिसावर आली. अन् हा असा दगडावर काहून ठेवला?"

"बाई, आपला अर्ज?" अनंतराव.

"कायचा अर्ज?"

"शिक्षण काय झालं आहे? काही प्रमाणपत्र?"

"पाणी पाजाले पत्र लागते?" ती माझ्याकडं वळली. "भाऊजी, तुम्हीच म्हणून राहिले काय हे?"

आता मी अध्यक्ष होतो. तिच्या पाठीमागं बी.कॉम. लोकांची रांग पाहत होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "रंभाबाई, नियम तो नियम. सगळ्यांले सारखा."

ती माझ्याकडं इतका वेळ पाहत राहिली की मी लांब नदीचं नाव विसरलो. मग म्हणाली, "आहे माझ्यापाशी कागद. कुहीले भावाच्या घरी पेटीत ठेवला आहे. आणीन मी." आणि पदर खोचून एस.टी. स्टँडकडं चालू लागली.

"येणार नाही," भैयाजी म्हणाला. "गई वो."

निवड झाली वसंत हटवार यांची. एम.ए., प्राचीन भारताचा इतिहास, दुसरा वर्ग. सव्वीस वर्षांचा, सालस, इस्त्रीच्या सदऱ्याला कोपरापाशी ठिगळ. त्यानं नाईल तर सांगितलीच, वर प्राचीन राजांनी वाटेवर विहिरी कशा खोदल्या तेही सांगितलं. आम्ही तिघंही थक्क झालो. 'पाणी कधी पाजलं आहे का?' हे विचारायचं त्या थक्क होण्यात राहून गेलं. सातव्या रकान्यात मी माझ्या हातानं 'एम.ए.' लिहिलं. दोनच अक्षरं, पण रकाना भरगच्च दिसला. परवानगी दुसऱ्या दिवशी आली.

तिजेच्या दिवशी सकाळी रांजणाला हार घातला. पार्वतीबाईचा फोटो ठेवला. वसंतानं बिचाऱ्यानं नवं धोतर नेसलं होतं, का ते मी विचारलं नाही. अनंतरावांनी त्याला एक वही आखून दिली होती: अनुक्रमांक, नाव, पत्ता, प्राशनाची वेळ, प्रमाण. भैयाजीनं नारळ फोडला. मी पहिला लोटा पार्वतीबाईच्या नावानं निंबाला घातला, हात जोडले आणि दुसरा लोटा स्वतः प्यायलो.

चिखल. कुंभाराच्या आव्यात तोंड घातल्यासारखी चव. मी गिळलं. फोटोसमोर थुंकणार कसं?

दहा वाजेपर्यंत रांग लागली, कारण एकेकाचा पत्ता लिहून होत नव्हता. एक हमाल म्हणाला, "पत्ता असता तर घरीच पाणी नसतो पेलो काय?" वसंत फार उंचावरून पाणी सोडायचा. अर्धं ओंजळीत, अर्धं नाकात. खोकणाऱ्यांचा एक वेगळा घोळका निंबाखाली जमला. बारा वाजता रांजण इतका तापला की भैयाजी म्हणाला, "साबण ठेवा बाजूला, लोक आंघोळ करून जातीन." दगडावर ठेवलेल्या नव्या रांजणाला अंगावर ओलं पोतं नाही की खाली वाळू नाही. वसंत घाम पुसत लोकांना समजावत होता, "थोडं थांबा, निवेल." लोकही सज्जन. तो एम.ए. आहे हे कळल्यानं त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत. माझ्याकडं पाहून दिल्या.

आणि मग कवडू आला. तांदळाची गाडी ओढत, भर उन्हातून, तोंड लाल. गाडी टाकली, रांग मोडली, वसंताच्या हातातला लोटा ओढून घेतला आणि घटाघटा दोन लोटे रिचवले. वसंत वहीत 'प्रमाण' लिहायला वाकला. तोवर कवडूनं पोट धरलं, ओट्याच्या कडेला ओकला आणि तिथंच आडवा झाला. डोळे पांढरे.

गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं पाण्यात काही होतं. कोणी म्हणालं डॉक्टर आणा, कोणी म्हणालं पोलीस आणा. भैयाजी 'हटो हटो' करत स्वतःच मधे उभा राहिला. अनंतराव मला बाजूला घेऊन विचारू लागले, "याची नोंद कोणत्या रकान्यात घ्यायची?" मागून एक आवाज आला, "बायकोच्या नावानं पाणी पाजून माणूस पाडला गा दादाजीनं!"

मी फोटोकडं पाहिलं. वर्षभर एकच गोष्ट धरून होतो, की या दिवशी तिच्या नावानं कोणाचा तरी घसा निवेल. आणि तिच्यासमोरच हे.

"सरका! सरका ना बाप्पा, त्याले हवा लागू द्या!"

दहा दुकानं ओलांडणारा आवाज. रंभाबाई एस.टी.तून उतरून तशीच आली होती, बगलेत पिशवी. तिनं कवडूला ओढून निंबाच्या सावलीत घेतलं, त्याचाच पंचा भिजवून डोक्यावर ठेवला, भैयाजीच्या जेवणाच्या डब्यातला कांदा आणवून फोडला आणि नाकाशी धरला. मग पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याच्या दाढेखाली सरकवला. पाणी दिलं, पण चमच्यानं द्यावं तसं, एकेक घोट.

"उन्हातून आलेल्याले आधी बसवावं लागते," ती कोणाकडं न पाहता म्हणत होती. "मंग गूळ. मंग एक घोट. मंग दुसरा. इतकी अक्कल नसन तर रांजण ठेवू नाही माणसानं. ए एम.ए.! उभा काहून राहिला? पोतं आण. भिजव. रांजणाले गुंडाळ. हे पाणी नालीत फेक अन् दुसरं भर. तेही फेकजो. तिसरं ठेवू."

वसंत धोतर खोचून पळाला. अर्ध्या तासानं कवडू उठून बसला आणि म्हणाला, "अजून एक गूळ आहे काय?" गल्लीनं श्वास सोडला. मीही सोडला, पण जरा उशिरा.

मग रंभाबाई ओट्यावर चढली. समिती तिथंच होती. तिनं पोलक्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"घ्या. कागद पाहिजे होता ना?"

वहीचं आखीव पान होतं, पिवळं पडलेलं. मी बोट ठेवलं, आणि पहिल्या अक्षराबरोबरच अक्षर कोणाचं ते कळलं.

'दाखला. रंभाबाई धोंडबा वाघाये ही पहिलीच्या परीक्षेत पास झाली. चिठ्ठी वाचते. सही करते. वर्तणूक तोंडाळ, पण खरी. — पार्वती देवराव.'

मी तो मोठ्यानं वाचला. भैयाजी खाली पाहू लागला. अनंतरावांनी कागद मागून घेतला, उलटून पाहिला, चष्मा कपाळावर नेला.

"देवराव, भावना मी समजतो. परंतु ही संस्था मान्यताप्राप्त नाही."

मला राग आला, आणि एक नाही, दोन आले. पहिला अनंतरावांचा. माझ्या बायकोच्या सहीला मान्यता नाही म्हणणारा हा कोण? ज्याच्या खिडकीसमोर बसून तिनं निम्मी गल्ली वाचती केली, तो? दुसरा राग सांगायला लाज वाटते, पण लिहायचं तर पूर्ण लिहावं. दुसरा राग पार्वतीबाईचा. रंभाबाईला दाखला, आणि मला नाही! मी घरचा माणूस! मी चौकट आणून ठेवली होती!

पहिला राग मी तिथंच काढला. "अनंतराव," मी म्हणालो, "तुमची-आमची समिती आजपासून बंद. अन् ते प्राशनाचं वहीबुक घरी घेऊन जा, धोब्याचा हिशोब लिहा त्याच्यात." दुसरा राग मी गिळला. चिखलाच्या पाण्यावरून तोही गेला.

रांजण रंभाबाईनं हातात घेतला. तो ओल्या वाळूवर गेला, त्याला पोतं आलं, आत वाळ्याची जुडी आली. तिसऱ्या दिवशीचं पाणी मी प्यायलो तेव्हा घशातून पोटापर्यंत त्याची वाट कळत गेली. वसंतला मात्र काढता येत नव्हतं. सातव्या रकान्यात तो होता. तो गेला की परवानगी जायची. म्हणून कागदावर सेवक वसंत आणि ओट्यावर रंभाबाई, असं ठरलं. मी वसंतला म्हणालो, तुझा अपमान वाटून घेऊ नको. तो म्हणाला, "नाही जी. मले मुलाखतीत कोणी पाण्याचं विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मले येत नाही." आणि पहाटे विहिरीवरून कावडीनं पाणी आणू लागला.

आठवड्यानं कचेरीचे मोठे साहेब स्वतः आले. पाणी पाजायला एम.ए. ठेवलेली पाणपोई त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. टोपी काढून त्यांनी विचारलं, "एम.ए. कोण?"

वसंत खांद्यावर कावड घेऊन उभा होता. त्यानं मान हलवली.

"आणि लोटा धरून वर बसलेल्या ह्या बाई?"

"त्या पहिली पास आहेत," मी म्हणालो.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग हे उलट नाही का? एम.ए. वर हवेत."

"उन्हातून आले काय तुम्ही?" रंभाबाईनं विचारलं.

"हो, पण मी काय विचारतो—"

"आधी बसा. गूळ खा."

साहेब बसले. गूळ खाल्ला. एक घोट, मग दुसरा. चौथ्या घोटाला त्यांचे डोळे मिटले. उठताना त्यांनी काय विचारायचं होतं ते त्यांना आठवेना, आणि आम्ही काही आठवण करून दिली नाही.

मिरग लागायच्या आत वसंतला पत्र आलं. एका संस्थेत मुलाखत होती, आणि तिथं अनुभवाचा दाखला हवा होता. तो माझ्याकडं आला. मी कोरा कागद घेतला, पेनात शाई भरली, 'दाखला' हा शब्द झकास काढला. पुढं 'श्री. वसंत हटवार यांनी पाणी पाजण्याचे काम' इथपर्यंत आलो आणि थांबलो. पाणी पाजण्यातलं मला काय कळत होतं? मी कागद रंभाबाईपुढं सरकवला.

तिनं कागदाकडं पाहिलंच नाही. "ए एम.ए., ये. मले पाज."

तिनं ओंजळ केली. वसंतनं आधी गूळ दिला. मग लोटा खाली आणला, अगदी ओंजळीजवळ, आणि धार सोडली. एक थेंब बाहेर गेला नाही. तिची मान थांबली की धार थांबायची. पिऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली जीभ दातांत धरून लिहिलं, 'पास. हात हलका. वर्तणूक गरीब.' खाली सही केली. पूर्ण नावाची, वर रेघेसकट. तो दाखला घेऊन वसंत गेला. त्या संस्थेत सही करणाऱ्याच्या हुद्द्याची चौकशी झाली म्हणतात, पण नोकरी मिळाली.

तो गेल्यावर ओट्यावर आम्ही दोघंच. निंबोळ्या टपटप पडत होत्या. तिजेपासून गिळलेलं मी शेवटी बाहेर काढलं.

"रंभाबाई, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"तुले दाखला देल्ला तिनं. मले काहून नाही देल्ला? माझं वाचणं तुझ्यापेक्षा बरं होतं."

"बरंच होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं तिले, भाऊजीले दे वं बाई एक कागद, चौकट घेऊन बसले ते. तर हासली. म्हणे, त्याइले कागद देल्ला का ते त्याले भिंतीवर लावतीन, त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतीन, अन् पाटी कोनाड्यात ठेवून देतीन. नाही देल्ला तर वाचत राहतीन."

मी उठलो, आत जाऊन पेपर घेतला आणि तिच्याशेजारी बसून बोट फिरवत वाचू लागलो. मोठ्यानं, तिलाही ऐकू जाईल असं.

ती चौकट आता भिंतीवर नाही. रांजणात निंबोळ्या पडू लागल्या तेव्हा रंभाबाईनं मला न विचारता ती खुंटीवरून काढली आणि झाकण म्हणून रांजणावर ठेवली. बरोबर बसते. सोनेरी काठ ओला होऊन उडाला, पण काच पक्की आहे. तहानेलं माणूस येऊन वाकलं की आधी त्या काचेतून खालचं पाणी दिसतं.